फोटोतला नवरा

"हा घ्या मुलगा," असं म्हणून मामांनी पत्र्याचा डबा आमच्या पडवीत उलटा केला. डब्यातून एक काळी रिबीन पडली, लोखंडी तारेचा तुकडा पडला, पितळेची बटणं पडली, कानावर घालायचं एक विचित्र काहीतरी पडलं आणि शेवटी फोटोंचा गठ्ठा पडला. मुलगा काही पडला नाही.

मामा म्हणजे मुलाचे मामा, कोचरेकर. मुंबईत कापसाच्या गोदामात मुकादम होते. मिशा अशा, की खाडीपलीकडून निघाले की आधी मिशा दिसायच्या आणि मग होडी. मुलगा म्हणजे सहदेव कुबल, पलीकडच्या गावचा, नेव्हीत. साल बहात्तर. लढाई डिसेंबरात संपली होती, पण सहदेवची बोट अजून समुद्रातच होती. ही साधी बोट नव्हे. हिच्या पाठीवरून विमानं उडायची आणि परत येऊन पाठीवरच बसायची. बोटीचं नाव मी सांगणार नाही, लढाईतलं गुपित आहे ते.

"मुलाला सुट्टी नाही," मामा म्हणाले. "तेव्हा मुलगी आम्ही समक्ष बघतो, आणि मुलगा तुम्ही यात बघा."

आमच्याकडे तेव्हा सगळे मालवणीच बोलायचे. पण ही गोष्ट मी पुण्यातल्या नातवंडांना इतक्यांदा सांगितलीय, की आता सगळ्यांना मी पुण्याचं बोलायला लावते. सासूबाईंचं मात्र जमत नाही. त्या माझ्या तोंडूनसुद्धा मालवणीच बोलतात.

तर सासूबाई, म्हणजे तेव्हा व्हायच्या होत्या, त्या खांबाला टेकून बसल्या होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. माझे वडील, आबा, समोर पाटावर. आबा होड्या बांधायचे. लाकूड सोडून जगात कशावर फारसा विश्वास नव्हता त्यांचा. मी दाराच्या आत पोह्यांच्या बशा घेऊन उभी होते आणि माझी थोरली बहीण शालिनी माझ्या मागे.

शालिनीचं सांगायला हवं. तिला धाकटा भाऊ दाखवला आणि मांडवात थोरला उभा केला, तिच्याहून पंधरा वर्षांनी मोठा. तिनं खाली मान घालून माळ घातली, कारण तेव्हा मान वर करायची पद्धत नव्हती. त्यानंतर आबांनी मला एकटीला बोलावून सांगितलं, "पभा, तू स्वतः बघून हो म्हटल्याशिवाय तुझ्या हातातला हार कुणाच्या गळ्यात जाणार नाही. भर मांडवात नाही म्हणालीस तरी चालेल." आबा शब्दाला पक्के. होडीला एकदा खिळा मारला की परत काढायचे नाहीत.

"सहदेव कुठला यातला?" आबांनी विचारलं.

फोटो सगळ्यांच्या हातांतून फिरले. शेवटी दाराआड माझ्याकडेही आले. मैदानाएवढं मोठं लोखंडी अंगण, वर नुसतं आभाळ, मागे पंख मिटून बसलेली विमानं, आणि पुढे खलाशी. कधी एक, कधी दोघं, कधी घोळका. सगळे हसत होते. लढाईतली माणसं एवढी का हसतायत ते मला कळेना. आणि प्रत्येक फोटोत खाली, पायाशी, एक काळा डाग. दोन कान असलेला.

"हे खाली काय?" आईनं विचारलं. "मांजर आहे का?"

"विमानाची सावली," मामा म्हणाले.

"विमानाला कान असतात?"

"लढाईतल्या विमानाला असतात."

मला तर तो दोन कड्यांचा हंडा वाटला होता.

"सहदेव कुठला?" आबांनी परत विचारलं.

मामांनी फोटो डोळ्यांजवळ नेले, लांब नेले. चष्मा काढून बघितले, चष्मा लावून बघितले. भाच्याला त्यांनी शेवटचं बघितलं तेव्हा त्याला मिसरूड फुटायचं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. मामांना जगातलं सगळं बोलता यायचं, फक्त 'माहीत नाही' एवढं म्हणता यायचं नाही. त्यांनी परत एकदा गठ्ठा पिसला आणि जो माणूस सगळ्यांत जास्त फोटोंत होता त्याच्यावर बोट ठेवलं.

"हा."

काळीभोर दाढी, रुंद खांदे, आणि दात असे की फोटोतसुद्धा उजेड पडला होता.

"दाढी?" आबा म्हणाले.

"नेव्हीत चालते. साहेबाची परवानगी काढावी लागते."

"वहिनी, हा का तुमचा मुलगा?" आईनं सासूबाईंच्या हातात फोटो दिला. त्यांनी तो नाकाशी धरला.

"माका बारीक दिसणा नाय," त्या म्हणाल्या. "पण वास त्याचोच येता."

झालं. याच्यावर कोण काय बोलणार?

मग बाकीच्या वस्तूंची ओळख झाली. रिबिनीवर सोनेरी इंग्रजी अक्षरं होती. ती टोपीभोवती बांधायची असते, हे मला आता माहीत आहे. मामांनी ते पदक असल्याचं सांगितलं. तारेचा तुकडा आबांनी हातात घेऊन वळवून बघितला. बोटभर लांब, पीळ घातलेला, एका टोकाला विस्कटलेला.

"विमान बोटीवर उतरतं ना," मामा म्हणाले, "त्याच्या शेपटीला हूक असतो. बोटीवर आडवी तार ताणलेली असते. हूक तारेला अडकतो आणि विमान थांबतं."

आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "विमान म्हणजे काय बांगडा आहे, गरीला लागायला?"

मामांनी आजूबाजूला बघितलं. आई हसत होती, शालिनी हसत होती, मीसुद्धा. मामांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "म्हणजे, विमान नव्हे. पाणबुडी. पाणबुडी पकडायची गरी आहे ती."

"मग तसं सांगा," आबा म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. पाणबुडी पाण्यात असते, तेव्हा गरीला लागणारच.

राहिलं ते कानावरचं. दोन वाट्या आणि त्यांना जोडणारी डोक्यावरून जायची पट्टी. एका वाटीची कड फुटलेली.

"रेडिओ," मामा म्हणाले. "हा लावला की थेट दिल्ली ऐकू येते."

मी पोह्यांच्या बशा ठेवायच्या निमित्तानं बाहेर आले होते. मामा खुशीत होते. त्यांनी ते माझ्या डोक्यावर चढवलं. एकदम सगळं गप्प झालं. मामांच्या मिशा हलत होत्या, आई बोलत होती, पण आवाज नाही.

"काय ऐकू येतं?" मी ते काढल्यावर त्यांनी विचारलं.

"काहीच नाही."

"दुपारचे दोन वाजलेत," मामा म्हणाले. "दिल्लीत झोपले असतील."

निघताना सासूबाईंनी दोन वस्तू माझ्या हातात ठेवल्या. दाढीवाल्याचा एक फोटो आणि तो दिल्लीचा रेडिओ. "ठेव गो बाय," त्या म्हणाल्या. "तो इलो काय तुझ्याकडनाच मागान घेतलो."

संध्याकाळी आबांनी विचारलं, "बघितलास?"

"बघितला."

"मग?"

मी त्या दातांना हो म्हटलं.

पुढचे दोन-तीन महिने तो फोटो माझ्या उशाखाली होता. मी त्याला वाटेल त्या गोष्टी सांगायचे आणि मैत्रिणींना त्याच्याबद्दल वाटेल त्या. माझा नवरा गरीनं पाणबुड्या ओढतो. माझ्या नवऱ्याच्या कानात दिल्ली बोलते. विहिरीवर पोरी घागरी खाली ठेवून ऐकायच्या. खोटं बोलण्याची सवय मला तिथेच लागली असं माझी सून म्हणते. मी म्हणते, विहिरीवर खरं बोलायला कोण जातं?

लग्न वैशाखात, गोरज मुहूर्तावर ठरलं. म्हणजे सूर्य बुडता बुडता. सहदेव आदल्या दिवशीच सुट्टीवर आला होता आणि वऱ्हाड मचव्यातून खाडी ओलांडून आलं. मी आणि शालिनी माळ्यावरच्या झरोक्याशी. मला शालू नेसवला होता आणि फोटो मी निऱ्यांपाशी कमरेला खोचला होता.

मचवा गुडघाभर पाण्यात थांबला. पहिली उडी मारली ती दाढीवाल्यानं. पांढराशुभ्र नेव्हीचा ड्रेस, तीच दाढी, तेच दात. मी झरोक्याला नाक लावलं.

"हाच ना?" शालिनीनं विचारलं. तिनं फोटो काढून घेतला, खाली बघितलं, परत फोटो बघितला. "हाच आहे, पभा. अगदी हाच." आणि ती रडायला लागली. आनंदानं.

मामा उतरले, मिशा कोरड्या ठेवून. मग बाकीचे. सगळ्यांत शेवटी एक माणूस सासूबाईंना पाठीवर घेऊन पाण्यातून चालत आला. वाकलेला, तोंड खाली, विजार गुडघ्यापर्यंत वर केलेली. मचव्यावरचा गडी असेल म्हणून मी त्याच्याकडे दुसऱ्यांदा बघितलं नाही.

मांडव आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणातच होता. खळ्यापुढे माड, माडांपुढे वाळू आणि वाळूपुढे समुद्र. मी पाटावर उभी राहिले तेव्हा समोर अंतरपाट होता आणि त्याच्या पलीकडून ऊन येत होतं. भटजींनी मंगलाष्टका सुरू केल्या. चार-चार ओळींनी 'सावधान' म्हणत होते आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, आहे बाबा, सावधानच आहे, उरक आता.

वाजंत्री वाजली. अंतरपाट खाली गेला.

समोर उभा असलेला माणूस मी आयुष्यात कधी बघितला नव्हता. गुळगुळीत दाढी केलेली, लांबट तोंड, मुंडावळ्या जराशा तिरक्या. आणि त्याच्या खांद्यामागे, मुठीत अक्षता घेऊन, माझा दाढीवाला. मला बघून खूश होऊन हसत होता.

मी हार धरला होता तो धरलेलाच राहिला.

"घाल," भटजी म्हणाले.

"हे कोण?"

"कोण म्हणजे? नवरदेव."

"मग ते कोण?" मी हार पुढे करून दाढीवाल्याकडे दाखवलं.

आता हा दाढीवाला केरळचा. नाव कुरियन. मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. नवरी आपल्याकडे हार पुढे करतेय हे त्यानं बघितलं. पाहुण्यांना हार घालायची या लोकांची पद्धत असेल असं त्याला वाटलं. तो लगेच पुढे आला, हात जोडले आणि मान खाली केली.

"थँक्यू," तो म्हणाला. "थँक्यू, भाभी."

वाजंत्रीवाला अजून वाजवतच होता, त्याला काही दिसत नव्हतं. मग तोही थांबला. मागून शालिनीनं माझं कोपर घट्ट धरलं आणि कानात म्हणाली, "पभा, हार सोडू नकोस."

आबा उठले. "भटजी, थांबा."

"अहो, दाढी काढलीय त्यानं," मामा नवऱ्यामागून म्हणाले. मामांची जागा तिथेच असते ना.

"मलाही तसंच वाटलं होतं," आबा म्हणाले. "दारात मी याचे पाय धुतले तेव्हा वाटलं, लग्नासाठी दाढी काढली असेल."

"याची काढली आणि त्यांना लावली का?" मी विचारलं.

बायकांत कुणीतरी हसलं. आईनं पदर तोंडाला लावला. नवरा मात्र एकदा माझ्याकडे, एकदा मामांकडे, एकदा कुरियनच्या वाकलेल्या मानेकडे बघत होता.

"काय झालं?" त्यानं विचारलं. "मामा, काय झालंय?"

"तुझे फोटो दाखवले होते," मामा म्हणाले. "डब्यातले. त्यात जरा—"

"माझे फोटो?" तो म्हणाला. "त्या डब्यात माझा एकही फोटो नाही."

आता मांडवात असा गोंधळ झाला की विचारू नका. कुणी म्हणालं मुलगा बदलला, कुणी म्हणालं फोटो बदलले, आमच्या शेजारच्या काकी म्हणाल्या बोटच बदलली. भटजी मुहूर्त मुहूर्त करत होते. कुरियन अजून वाकून उभा होता, त्याची मान भरून आली असणार. सासूबाई चाचपडत पुढे आल्या आणि त्यांनी नवरदेवाचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"ह्यो माझोच झील," त्या म्हणाल्या. "माका दिसणा नाय, पण हातान मी वळाखतंय. माका पाटीर घेवन कोण इलो? ह्योच."

मी त्याच्या विजारीकडे बघितलं. गुडघ्यापर्यंत ओली होती.

"असेल," आबा म्हणाले. "मुलगा तुमचा, मान्य. पण माझ्या मुलीनं हो म्हटलं ते याला नाही. मी तिला शब्द दिलाय. ती नाही म्हणाली तर वऱ्हाड जेवून परत जाईल." मग माझ्याकडे वळून हळू म्हणाले, "पभा, घाई नाही."

घाई नाही कशी? सूर्य माडांच्या खाली आला होता. समोरचा माणूस सभ्य दिसत होता. पण सभ्य तर शालिनीचा नवराही दिसायचा.

"फोटोत तुम्ही नाही," मी त्याला म्हणाले. "मग कुठे होता?"

"समोर."

"समोर म्हणजे?"

"कॅमेऱ्याच्या मागे." तो अडखळत बोलत होता. "लढाई लागणार असं कळलं, तेव्हा जो तो म्हणायला लागला, माझा एक काढ, माझा एक काढ. घरी पाठवायला. काही झालं तर घरी एक तरी असावा. साहेबांनी परवानगी दिली, माझ्याकडे कॅमेरा होता. सगळ्यांचे काढले. जास्तीच्या प्रती डब्यात घालून आईकडे सांभाळायला पाठवल्या. त्या कुणाला दाखवायला नव्हत्या."

"आणि तुमचा?"

"रोल संपला."

एवढंच म्हणाला. खरं वाटत होतं आणि खरं वाटतंय याचीच भीती वाटत होती. खोट्या गोष्टी मी स्वतः इतक्या सांगितल्या होत्या, की चांगली गोष्ट ऐकली की मला आधी शंका यायची.

"हे कशावरून?" मी म्हणाले.

"मी आहे ना साक्षीला," मामा म्हणाले.

या वेळी सगळा मांडव हसला.

"फोटो आहे का एखादा?" त्यानं विचारलं. मी कमरेचा काढून दिला. तो कुठे ठेवला होता ते बघून तो लाजला. मग त्यानं फोटोच्या खालच्या बाजूला बोट ठेवलं. त्या काळ्या डागावर.

"हा मी."

"हा हंडा?"

"हंडा?"

"आई म्हणते मांजर आहे."

"माझी सावली आहे. ऊन पाठीमागे असलं की पुढे पडायची. किती वाकडातिकडा उभा राहिलो तरी फोटोत यायचीच."

"तुम्हाला असे कान आहेत?"

"कानांवर वाट्या असायच्या. एक फुटकी वाटी होती, ती—"

"दिल्लीचा रेडिओ," मी म्हणाले.

"कसला रेडिओ?"

शालिनी मला सोडून घरात पळाली, माझ्या पेटीतून ते घेऊन आली आणि परत माझं कोपर धरून उभी राहिली. त्यानं हातात घेतलं आणि फुटक्या कडेवरून अंगठा फिरवला.

"यातून काही ऐकू येत नाही," तो म्हणाला. "विमानाच्या आवाजानं कान जाऊ नयेत म्हणून घालतात. एकदा तार तुटली. फटका इथे बसला. चार बोटं अलीकडे बसला असता तर..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही. "त्या तारेचा तुकडा ठेवलाय मी डब्यात."

"कुठली तार?" आबांनी विचारलं.

"विमान उतरताना त्याचा हूक ज्या तारेला अडकतो, ती."

आबांनी मामांकडे बघितलं. मामांनी मिशांना ताव दिला. त्या दिवशी त्यांनी सांगितलेलं एवढंच खरं होतं, आणि तेवढ्यालाच आम्ही हसलो होतो.

सहदेवनं सूर्याकडे बघितलं. रोज उन्हाचा हिशेब करणाऱ्या माणसासारखं बघितलं. "भटजी," तो म्हणाला, "अंतरपाट परत धरा."

"पडलेला अंतरपाट परत धरत नाहीत," भटजी म्हणाले. "शास्त्रात नाही."

"धरा," आबा म्हणाले.

भटजींनी एक टोक धरलं. दुसरं धरणारा मघाच बाजूला झाला होता, तर ते मामांनी धरलं. भटजींना काही सुचेना म्हणून त्यांनी एक मंगलाष्टक परत म्हणायला घेतलं, हळू आवाजात. पांढरं कापड ताणलं गेलं. पलीकडे सूर्य पाण्याला टेकायला आला होता, लालभडक. आणि त्या कापडावर सावली आली.

आधी नुसतं डोकं. मग हात वर गेले आणि डोक्याला दोन कान फुटले. एक अख्खा, एक कडेला तुटका. मग दोन्ही कोपरं बाहेर आली, तोंडापुढे काहीतरी धरल्यासारखी. मी फोटो कापडाशेजारी धरला. शालिनी वाकली, आई वाकली, शेजारच्या काकी माझ्या खांद्यावरून वाकल्या. तोच हंडा. तेच मांजर. तुटकी कडसुद्धा तीच, त्याच बाजूला.

"अगं बाई," आई म्हणाली.

आणि कापडापलीकडून आवाज आला. कानांवर वाट्या असलेला माणूस जरा मोठ्यानंच बोलतो.

"हसा जरा. घरी पाठवायचाय."

मी हसले. हसायचं ठरवलं नव्हतं, तरी हसले. मग माझं लक्ष फोटोकडे गेलं, कुरियनच्या त्या दातांकडे. ज्या हसण्याला मी हो म्हटलं होतं, ते हसणं ज्याच्याकडे बघून आलं होतं, तो माणूस कापडापलीकडे कोपरं वर करून उभा होता.

"पभा," आबांनी विचारलं. "बघितलास?"

"बघितला, आबा."

"मग?"

"हो."

शालिनीनं माझं कोपर सोडलं. भटजींनी 'सावधान' एवढ्या जोरात म्हटलं की माडावरचे कावळे उडाले. अंतरपाट खाली आला. सहदेव तसाच उभा. कोपरं वर, कान झाकलेले. मी हो म्हटलेलं त्याला ऐकूच आलं नव्हतं.

"काय ठरलं?" तो ओरडून म्हणाला.

मी उत्तर न देता हार घातला. तो फुटक्या वाटीत अडकला, तर कुरियननं पुढे होऊन सोडवला. इतका वेळ मान वाकवल्याचं काहीतरी सार्थक त्याला वाटलं असावं.

लग्नाचा फोटो कुरियननं काढला, सहदेवच्याच कॅमेऱ्यानं. एकच काढला. त्यात मी पूर्ण आहे, भटजी पूर्ण आहेत, मामांच्या मिशा फोटोत मावल्या नाहीत. सहदेवचं एक कोपर आहे.

पुढेही तसंच झालं. बारशी, मुंजी, सहली, कॅमेरा कायम त्याच्या हातात. गेल्या वर्षी तो गेला तेव्हा मुलगा भिंतीवर लावायला फोटो शोधायला लागला. मोबाइलमध्ये होते, पण त्यात तो बोळका म्हातारा आणि तोंडात पेढा. नेव्हीच्या ओळखपत्रावरचा होता, त्यात तो चोरासारखा दिसतो. मी म्हटलं, माझ्याकडे आहे. आणि माझा उशाखालचा तो जुना फोटो मोठा करून फ्रेम करून घेतला.

आता येणारे-जाणारे कुरियनला नमस्कार करतात. "किती प्रसन्न चेहरा होता हो," म्हणतात. मी हो म्हणते. कोण समजावत बसणार? कुरियन कोट्टायमला अजून खणखणीत आहे. दर रविवारी फोन करतो आणि विचारतो, "भाभी, आज मुझे कौन सा फूल चढ़ाया?"

हार मात्र मी स्वतः घालते. सून म्हणते, आई, फार लांब होतो, खाली लोंबतो. लोंबू दे. तेवढा लांब असल्याशिवाय तो सावलीपर्यंत पोचत नाही.